पान २७

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिले. बत्तीस पानांचे, सदऱ्याच्या खिशात मावेल एवढे. त्यावर त्यांचे नाव नव्हते. १९८३ साली ते इस्लामपुरात छापले गेले आणि १९८९ साली त्याच्या मालकीवरून वाद उभा राहिला. त्या वादात सगळ्यांत मोठ्या आवाजात मी बोलत होतो. नुकताच पदवीधर झालो होतो, त्यामुळे कायद्याचे मला थोडेसे कळत होते आणि ते पुष्कळ वाटत होते. वाद कोर्टात गेला नाही. गेला असता तर फिर्यादी म्हणून कुणाचे नाव घालायचे इथेच आमची गाडी अडली असती.

अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गुरुजी होते. वाळवा तालुक्यात त्यांच्या बदल्या होत राहिल्या. कृष्णाकाठचे गाव असो की वारणाकाठचे, मुसलमानांची घरे दोन, चार, फार तर दहा. मुले मराठी शाळेत शिकायची. घरात दखनी बोलली जायची, पण उर्दू वाचता येणारा घरटी एखादाच, तोही म्हातारा. मशीद असली तरी पेशइमाम ठेवण्याची ऐपत नसायची. ईदची नमाज तालुक्याला येऊन पढता येते. मौत मात्र सांगून येत नाही, आणि मय्यत घेऊन कुणी तालुक्याला येत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मौलवीसाहेब अलीकडे आणि जनाजा पलीकडे, असे अब्बांनी दोनदा पाहिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच नमाज पढवली आणि घरी येऊन अम्माला म्हणाले, "हे सगळं मराठीत लिहून ठेवलं पाहिजे."

लिहायला दोन उन्हाळे लागले. सुट्टीत ते मिरजेला जात, एका जाणत्या मौलानांपुढे बसून एकेक पान वाचून दाखवत. अरबी शब्द देवनागरीत कसे लिहायचे, ही खरी अडचण होती. मराठीत क एकच. अरबीत दोन आहेत, आणि ते बदलले तर अर्थ बदलतो. एका क ने कल्ब म्हणजे काळीज, दुसऱ्या क ने कल्ब म्हणजे कुत्रा. हिंदीवाले अक्षराखाली नुक्ता देतात, पण मराठी छापखान्यात नुक्त्याचे खिळे कुठून असणार?

ही अडचण आप्पांनी सोडवली. आप्पा म्हणजे आमच्या गावातल्या एका छोट्या छापखान्याचे मालक. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या चार केसी, एक कंपोझिटर आणि आप्पा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, यात्रेची हँडबिले आणि निवडणुकीत मिळेल ते, असा त्यांचा धंदा. जातीने लिंगायत, कपाळाला भस्म. त्यांनी पूर्णविरामाचे ठिपके घेतले, कानशीने घासून बारीक केले आणि नुक्त्याच्या प्रत्येक अक्षराखाली एकेक बसवला. बत्तीस पानांत असे किती ठिपके बसवले ते त्यांनी मोजले होते. आकडा मी विसरलो, ते मरेपर्यंत विसरले नव्हते.

कागदाचे पैसे अम्माने दिले. बकरीदसाठी वाढवलेला बोकड तिने बाजारात विकला आणि त्या वर्षी आमच्याकडे कुर्बानी झाली नाही. अब्बांनी तिला विचारले होते की नुसते सांगितले होते, हे मला आजही नक्की माहीत नाही.

नाव छापायला अब्बा तयार नव्हते. नमाज काय मी शोधून काढली आहे का, म्हणायचे. आप्पांना ते पटेना. पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव हवेच, नाहीतर आपल्यावर बला यायची, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबरही होते. १८६७ चा छापखान्यांचा कायदा तसे सांगत होता. शेवटी शेवटच्या पानाच्या तळाला एक ओळ आली. मुद्रक व प्रकाशक म्हणून आप्पांचे नाव, छापखान्याचे नाव, इस्लामपूर, जि. सांगली. नमाजच्या पुस्तकावर नाव होते ते एवढेच. (२०२५ साली राज्य सरकारने गावाचे नाव ईश्वरपूर करायचे ठरवले. मी जुन्या गोष्टी लिहितो आहे, म्हणून त्या ओळीत जे होते तेच लिहितो.)

हजार प्रती निघाल्या. किंमत दोन रुपये, गरिबाला फुकट. अब्बांच्या हिशेबात गरीब फार निघाले. पहिल्या पन्नास प्रती मिरजेच्या उरुसात वाटून ते परत आले आणि रात्री कंदिलापुढे सहज पान उलटताना गप्प झाले. पान २७. जनाज्याची नमाज. तिसऱ्या तकबीरनंतर दुआ, मग चौथी तकबीर, मग सलाम. त्यातली चौथ्या तकबीरची ओळच नव्हती. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत होत्या. कंपोझिटरचा डोळा एकीवरून दुसरीवर घसरला होता. प्रूफ अब्बांनी स्वतः तपासले होते. पाठ असलेल्या माणसाला गाळलेली ओळ दिसत नाही, तो ती मनातल्या मनात वाचून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पैसे न घेता चिठोऱ्या छापून दिल्या. शुद्धिपत्रक, पान २७, दुआनंतर चौथी तकबीर म्हणावी, मग सलाम फेरावा. अम्माने कणकेची खळ शिजवली. तीन रात्री आम्ही घरातले सगळे साडेनऊशे प्रतींत त्या चिठोऱ्या डकवत होतो. गेलेल्या पन्नास प्रती मात्र गेल्याच. अब्बांनी त्यांतल्या जेवढ्या आठवल्या तेवढ्यांना पोस्टकार्डे टाकली. उरुसात हातोहात दिलेल्या पुस्तकाला पत्ता कुठून असणार?

सहा वर्षे गेली. १९८९ च्या जानेवारीत वारणाकाठच्या एका गावात अब्बांच्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील वारले. मी अब्बांबरोबर गेलो होतो. एसटीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नमाज पढवायला घेतली. अब्बा मागच्या सफमध्ये उभे राहिले. कुणी आधीच पुढे झाला असेल तर ते कधी मध्ये पडत नसत. पहिली तकबीर, दुसरी, तिसरी. दुआ झाली आणि त्या गृहस्थांनी सलामसाठी मान वळवली. तेवढ्यात माझ्या शेजारून अब्बांचा आवाज उठला, "अल्लाहु अकबर!" वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल असा. लोक चमकले. इमाम झालेले गृहस्थ गडबडले, पण सुज्ञ होते. त्यांनीही चौथी तकबीर म्हटली आणि मग सलाम फेरला.

दफन झाल्यावर अब्बांनी त्यांना बाजूला घेतले. त्या गृहस्थांना वाईट वाटले होते. "मास्तर, मी मनानं नाही करत, पुस्तकात बघूनच करतो," असे म्हणत त्यांनी खिशातून पुस्तक काढले. हिरवे चकचकीत मुखपृष्ठ, त्यावर मदिनेचा घुमट, किंमत पाच रुपये. आत अब्बांचेच पुस्तक. ओळ न ओळ तीच, नुक्ते तेच, पान २७ तेच, फक्त चिठोरी नव्हती. शेवटच्या पानावरची आप्पांची ओळ झाकून तिथे दुसऱ्या शहरातल्या एका पुस्तकविक्रेत्याचे नाव घातले होते. त्या पन्नासांतली एक प्रत तिथवर पोचली होती.

"ह्याच्यावरनं किती मय्यती झाल्या असतील?" परतीच्या वाटेवर अब्बा एवढेच बोलले. मी मनात वेगळे गणित करत होतो, पाच रुपये गुणिले किती प्रती.

इस्लामपुरात उतरलो ते थेट आप्पांकडे. आप्पांनी चष्मा लावला, पुस्तक उजेडाकडे धरले आणि एका अक्षरावर नख टेकवले. "हा माझा त आहे." त्यांच्या एका केसीतल्या त ची दांडी खालून तुटलेली होती. नवा खिळा आणायचा राहून गेला होता. त्या चोरट्या प्रतीत तो तुटका त जागोजागी होता. म्हणजे पुस्तक पुन्हा जुळवलेले नव्हते, पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर छापले होते. "मजकूर मास्तरांचा असेल," आप्पा म्हणाले, "पण हे तर माझे खिळे उचललेत." त्यांचा चेहरा लाल झाला होता.

आम्ही तिघे वकिलांकडे गेलो. इस्लामपूरच्या कोर्टात दिवाणी कामे करणारे सरळ माणूस होते. कॉपीराइटचे प्रकरण आयुष्यात पहिल्यांदाच आले, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांनी त्यांनी १९५७ चा कायदा उलगडला, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला वेगळीच बातमी आली.

माझ्यासाठी बातमी चांगली होती. नोंदणी नसली तरी हक्क असतो. दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात, सांगलीला लावता येतो, त्या विक्रेत्यालाच इकडे यावे लागेल. फौजदारी केली तर १९८४ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सहा महिने कैद आणि पन्नास हजार दंड. मी खुर्चीत ताठ बसलो.

आप्पांसाठी बातमी विचित्र होती. पुस्तकावर लेखकाचे नाव नसेल तर लेखक कोण ते उघड होईपर्यंत हक्काचा मालक म्हणून कायदा प्रकाशकाकडे बघतो. म्हणजे दावा लावायचा तर वादी आप्पा. "नमाजच्या पुस्तकाचा मालक मी?" आप्पा हसले, पण ते त्यांच्या मनात राहिले. खिळ्यांचे काय, असे त्यांनी विचारले. वकीलसाहेबांनी मान हलवली. आपल्या कायद्यात खिळ्यांच्या मांडणीला वेगळा हक्क नाही. इंग्लंडात तो आहे आणि प्रसिद्धीनंतर पंचवीस वर्षे चालतो, हे मला फार पुढे समजले. आप्पा तिकडे असते तर त्यांच्या ठिपक्यांना काही भाव आला असता.

आणि अब्बांना कलम ५७ मिळाले. हक्क विकला तरी लेखकाकडे दोन गोष्टी उरतात. हे माझे आहे असे सांगण्याचा अधिकार, आणि मजकुराची मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा अधिकार. अब्बांचे डोळे चमकले. "मोडतोड तर झालीय." वकीलसाहेब म्हणाले, "झालीय मास्तर, पण ती तुमच्याच छापखान्यात. त्यानं तर जसंच्या तसं छापलंय."

त्याच महिन्यांत मौलाना आझादांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम'च्या तीस पानांचा खटला वर्तमानपत्रांत गाजत होता. मौलाना १९५८ साली गेले. ती तीस पाने तीस वर्षे मोहोरबंद राहिली होती. एका बाजूला मौलानांच्या वारस नजमा हेपतुल्ला, दुसऱ्या बाजूला प्रकाशक. मौलाना उर्दूत सांगत आणि हुमायून कबीर ते इंग्रजीत उतरवत. दिल्ली उच्च न्यायालयाने कबीरांनाही त्या पुस्तकाचे लेखक मानले. आमचे प्रकरण त्यापुढे मुंगीएवढे. तरी मौलानांचे वारस, प्रकाशक आणि लिहून घेणारा अशी तीन माणसे तिथे होती, आणि आमच्याकडेही एका पुस्तकाभोवती तीनच काय, मोजली तर पाच-सहा निघत होती. अम्मा वकिलांकडे आली नव्हती. तिला कुणी बोलावलेही नव्हते.

अब्बांनी दावा लावायला नकार दिला. दीनी इल्म विकायचे नसते, त्यावर पहारा बसवायचा नसतो, हे त्यांचे म्हणणे. त्यांनी मौलाना अशरफ अली थानवींचा दाखला दिला. थानवींनी आपल्या पुस्तकांचे हक्क राखून ठेवले नाहीत, ज्याला छापायचे त्याने छापावे म्हणाले. मी त्या वेळी निरुत्तर झालो, कारण वाचलेले नव्हते. पुढे वाचले. उलेमांतही याबाबत एकमत नाही. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी ग्रंथकाराच्या हक्काच्या विक्रीला विरोध केला. त्यांचेच पुत्र मुफ्ती तकी उस्मानी यांनी हा हक्क मान्य केला. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने तर डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला ठरावच केला की लेखकाचे हक्क शरीयतने राखलेले आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. म्हणजे आम्ही बापलेक इस्लामपुरात भांडत होतो त्याच्या महिनाभर आधी हा निवाडा झाला होता. आमच्यापर्यंत तो पोचायला वीस वर्षे लागली, तोवर अब्बा नव्हते.

दावा नको, पण पान २७ दुरुस्त झाले पाहिजे. फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही तिघे पहाटेच्या एसटीने निघालो. अब्बांच्या पिशवीत चिठोऱ्यांचा गठ्ठा होता. आप्पांनी तो आदल्या रात्री छापला होता, पण तोंडाने तक्रार चालूच होती. ते आपल्या हिशेबाने मालक म्हणून निघाले होते. मी नोटिशीचा मसुदा खिशात घेऊन निघालो होतो.

दुकान मशिदीच्या अंगाला, फळीएवढे. अत्तर, टोप्या, तसबीह, सुरमा आणि मागच्या मांडणीवर पुस्तके. मी मनात धरला होता तो शेठ तिथे नव्हताच. साठीचा, दम्याने बेजार झालेला माणूस होता. अब्बांनी पुस्तक पुढे ठेवून सगळे सांगितले. तो नाकबूल गेला नाही. "किताबपे नाम कां था, मास्तर? मैं किसकू पूछता?" आप्पांनी पुढे होऊन विचारले की छापखान्याचे नाव होते, ते का झाकले. त्यावर तो म्हणाला की त्याने छापलेच नाही. एका फिरत्या माणसाकडून त्याने पुस्तकाची फिल्म तीनशे रुपयांना घेतली, तेव्हापासूनच ती ओळ नव्हती. फिल्म देणारा पुन्हा आला नाही. म्हणजे प्रतिवादी पक्षातही आणखी एक माणूस होता, आणि तो आम्हाला कधी दिसला नाही.

मी मसुदा काढला. तो वाचता वाचता त्या माणसाला धाप लागली. गल्ल्यातून त्याने काही नोटा काढल्या, मोजल्या नाहीत, पुढे केल्या. "जो समजमें आता वो लेव." अब्बांनी नोटांवर हात ठेवून त्या मागे सारल्या आणि विचारले, "प्रती किती उरल्यात?"

दोन हजारांतल्या सातशे उरल्या होत्या. अब्बांनी पिशवी उघडली. दुकानाच्या मागेच त्याचे घर होते. आतून खळीचे पातेले आले. दुपारपासून आम्ही चौघे आणि त्याची एक नात दुकानाच्या फळीवर मांडी घालून चिठोऱ्या डकवत बसलो. मगरिबला अब्बा आणि तो उठून मशिदीत गेले, तेवढा वेळ आप्पा एकटे डकवत होते. शेवटची एसटी गाठायची म्हणून शेवटच्या शे-दीडशे प्रतींत मी घाई केली, वाकड्यातिकड्या डकवल्या. गेलेल्या तेराशे प्रतींसाठी अब्बांनी चिठोऱ्यांचा एक जुडगा गल्ल्यावर ठेवला, कुणी दारात आला तर द्या म्हणून. निघताना त्या माणसाने आप्पांना अत्तराची कुपी दिली आणि कबूल केले की पुढची आवृत्ती निघाली तर त्यात इस्लामपूरच्या छापखान्याचे नाव येईल.

पुढची आवृत्ती १९९१ साली आली. आप्पांच्या एका नातलगाने ती आणून दिली. नवी अक्षरे, नवी जुळणी. संकलक म्हणून त्या विक्रेत्याच्या वडिलांचे नाव, त्यापुढे 'मरहूम'. इस्लामपूर कुठेच नाही. माझे डोके फिरले. अब्बांनी पुस्तक घेतले, पान २७ शोधले, बोट धरून वाचले आणि मिटून ठेवले. "चार आहेत," म्हणाले.

आप्पा उठून निघून गेले.

मी त्यांच्या मागे छापखान्यात गेलो. ट्रेडल बंद होते. तोवर गावात ऑफसेट आले होते आणि पत्रिकांचा धंदा तिकडे वळत होता. आप्पा मला जे बोलले ते मी अब्बांना कधी सांगितले नाही. "तुझ्या बापाला सवाब मिळाला. त्यानं सोडलं ते त्याचं होतं, सोडायला काही हरकत नाही. माझं कुणाला विचारून सोडलं?" मग हिशेब मांडला. दरवर्षी या पुस्तकाच्या हजार-हजार प्रती त्यांच्या मशीनवर निघत राहिल्या असत्या तर कंपोझिटरचा पगार तरी सुटला असता. नुक्त्यांचे ठिपके त्यांनी घासले होते. प्रकाशक म्हणून नाव त्यांचे होते. कायद्याने हक्क त्यांच्याकडे होता, आणि तरी अब्बांच्या नाराजीसाठी त्यांनी दावा लावला नव्हता.

त्यांचे बोलणे मला तेव्हा लागले, पण आतून पटलेही. तोवर मी या भांडणात अब्बांची बाजू आणि विक्रेत्याची बाजू एवढेच पाहत होतो. अब्बांनी मोठ्या मनाने जे सोडून दिले त्यात अम्माचा बोकड होता, आप्पांचे खिळे होते आणि एका कंपोझिटरचा पगार होता. अब्बांना हे दिसत नव्हते असे मला वाटत नाही. त्यांना मय्यती दिसत होत्या, आणि त्यापुढे बाकीचे लहान वाटत होते. बाकीच्यांना आपापले लहान वाटत नव्हते, एवढेच.

त्या ईदला नेहमीप्रमाणे मी शीरखुर्म्याचा डबा आप्पांच्या घरी पोचवला. रिकामा डबा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची जुनी रीत. त्यांच्याकडून त्यात शेंगदाण्याची चटणी यायची, कधी भडंग. त्या वर्षी डबा धुऊन, पुसून, रिकामा आला. अम्माने झाकण उघडले, पुन्हा लावले आणि काही बोलली नाही. अब्बा त्या संध्याकाळी छापखान्यात गेले. काय बोलणे झाले माहीत नाही. दिवाळीला फराळाचे ताट आले तेव्हा घरात सगळ्यांनी ते दोनदा पाहिले.

१९९५ मध्ये छापखाना बंद झाला. खिळे किलोवर मोडीत गेले, तुटक्या त सकट. १९९८ मध्ये अब्बा गेले. जनाज्याच्या नमाजला मी पहिल्या सफमध्ये होतो आणि दुआत मन लागण्याऐवजी तकबीरी मोजत होतो. आप्पा कब्रस्तानात आले होते. काठी टेकत वाकले, माती दिली.

मी आता गावात झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान चालवतो. म्हणजे तसे पाहिले तर रोज फळीच्या पलीकडे, त्या विक्रेत्याच्या जागेवर बसतो. कॉलेजची मुले पुस्तके घेऊन येतात, प्रकरण तिसरे ते पाचवे काढून द्या म्हणतात. मी काढून देतो. दिल्ली विद्यापीठातल्या अशाच एका झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या संघटना आपण होऊन त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची सवलत मोठी मानून दावा फेटाळला, अपील झाले, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. निकालाची बातमी मी दुकानात चिकटवली होती. पण एखाद्याने पुस्तकच्या पुस्तक पुढे ठेवले की मला आप्पा आठवतात आणि मी उगाच मशीन बिघडल्याचे सांगतो. कधी सांगतो, कधी नाही. धंदा आहे.

अशा लहान भांडणांसाठी बाहेर आता वेगळी सोय झाली आहे. इंग्लंडात २०१२ पासून लहान दावे, आता दहा हजार पौंडांपर्यंतचे, सोप्या रीतीने चालतात. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने खास मंडळ नेमले आणि जून २०२२ पासून ते काम करते. मर्यादा तीस हजार डॉलर, वकील हवाच असे नाही. मात्र ज्याच्यावर दावा आहे त्याने साठ दिवसांत 'मला यात यायचे नाही' असे कळवले की तिथले काम संपले. आपल्याकडे २०१८ पासून तीन लाख आणि त्यावरचे दावे व्यापारी न्यायालयात जातात, तातडी नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. त्याखालचा मनुष्य जिल्हा न्यायालयाची पायरी चढतो. दोन रुपयांच्या पुस्तकालाही तीच पायरी.

अमेरिकेच्या त्या मंडळात दावेदार हा हक्काचा मालकच असावा लागतो आणि पुस्तकाच्या नोंदणीचा अर्ज तरी केलेला असावा लागतो. हे वाचताना मी मनात आमचा अर्ज भरू लागलो. लेखक, निरंक. मालक, आप्पा. नुकसान किती? तिथे थांबलो. आप्पा आकडा सांगू शकले असते. अब्बांनी त्या रकान्यात काय लिहिले असते ते मला माहीत आहे, आणि कुठल्याच मंडळाला ते रुपयांत मांडता आले नसते.

एक हिशेब मात्र मी कागदावर केला. नाव नसलेल्या पुस्तकाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे, म्हणजे २०४३ अखेरपर्यंत. नाव छापले असते तर मृत्यूनंतर साठ वर्षे, २०५८ पर्यंत. आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२९ अखेर संपेल. अब्बांचे पुस्तक 'फकिरा'पेक्षा जास्त काळ कायद्याच्या संरक्षणात राहणार, हे ऐकून अब्बा शरमले असते.

मागच्या रमजानच्या आधी शेजारच्या गावातला एक मुलगा दुकानात आला. मोबाइलमध्ये पीडीएफ होती. कुणीतरी ग्रुपवर टाकलेली, म्हणाला, मशिदीत ठेवायला पन्नास प्रती काढायच्यात. मी ती पडद्यावर उघडली. हिरवे मुखपृष्ठ, मदिनेचा घुमट. स्कॅनमध्ये कागद पिवळा पडलेला दिसत होता. मी सरळ पान २७ वर गेलो. चिठोरी होती. वाकडी, एक कोपरा उचललेला, त्याची सावली खालच्या ओळीवर पडलेली. खळीचा डाग चिठोरीच्या बाहेर आला होता. आप्पा आणि अब्बा कोपऱ्याला कोपरा जुळवून डकवायचे. ही घाईत डकवलेली होती.

"काका, बरोबर आहे ना पुस्तक?" मुलाने विचारले.

"बरोबर आहे."

"पन्नास प्रती कितीला पडतील?"

मी कागदाचे पैसे सांगितले.